सावडीतला हात

आवणीच्या दिवसांत आमच्या पाड्यावर कुणी गजर लावत नाही. नीट फटफटायच्या आतच माझी थोरली जाऊ डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन बाहेर पडते आणि दारोदार हाक मारत जाते. कुणाला नावाने, कुणाला नात्याने, कुणाला नुसतं खाकरून. माझ्या दारात आली की म्हणते, "ए बाई, चल गो." मी शहापूरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, म्हणून पाड्यावर मी सगळ्यांचीच बाई. जावेपेक्षा मी वयाने लहान आणि नात्यानेही लहान, तरी तीही मला बाईच म्हणते. सुरुवातीला त्यात थोडी टिंगल होती, मग सवय झाली. आता मला दुसऱ्या नावाने कुणी बोलावलं तर मी वळून बघेन की नाही, मलाच शंका आहे.

ही हाक सावडीची. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताची रोपं उपटून चिखलात लावायची ती आवणी, आणि आवणी एका घराने उरकत नाही. म्हणून आज सगळ्यांनी माझ्या खाचरात उतरायचं, उद्या सगळ्यांनी तुझ्या. घरटी एक हात. मजुरी नाही, लिहून ठेवणं नाही, हाताची फेड हातानेच. ज्या घरातून हात येत नाही ते घर सावडीत नाही. तसं तोंडावर कुणी सांगत नाही, फक्त सकाळी त्या दारात हाक येत नाही.

नोकरी होती तोवर आमच्या घरचा हात म्हणजे माझा नवरा. मी खर्डीहून गाडी पकडून आसनगावला उतरायचे आणि तिथून रिक्षाने शहापूर गाठायचे. रविवार सापडला तर मीही खाचरात उतरायचे. आवणी मी मुरबाडला माहेरी शिकलेली, त्यामुळे हाताला येत होती, पण बायका हसायच्या. म्हणायच्या, बाईची रोपांची वळ बघा, फळ्यावर काढल्यागत सरळ. निवृत्त झाले, आणि आता दोघं मिळून शेत बघू असं म्हणेपर्यंत नवरा छातीच्या दुखण्याने गेला. तेव्हापासून आमच्या घरचा हात माझाच. मुलगी बंगळूरला नोकरीला आहे. तिचा हात कीबोर्डवर. तिला मी दोष देत नाही, शिक शिक म्हणून मीच मागे लागले होते.

घरात एकटं राहणं म्हणजे काय, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. मला वाटायचं, वर्गात साठ पोरांचा गोंधळ सोसलेल्या बाईला शांतता मिळाली तर बरंच की. पण ती शांतता नसते. सकाळपासून तोंडातून शब्द निघालेला नसतो, आणि संध्याकाळी कुणी दारात आलं की पहिला आवाज घोगरा निघतो, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. एकीपुरती भाकरी थापताना पिठाचा अंदाज अजून चुकतो, आणि उरलेली भाकरी दुसऱ्या दिवशी मीच खाते. वर्षावासात विहारात वाचन असतं तेव्हा बरं वाटतं, कारण तिथे मला अडलेले शब्द विचारतात. बाकी वेळ मी भांड्यांशी बोलते. मला एकटं वाटतं. हे लिहिताना लाज वाटायला हवी असं काही जणांना वाटेल, मला वाटत नाही.

गेल्या थंडीत विहाराचा चढ चढताना दम लागायला लागला. आधी वयावर ढकललं, मग शेगडीच्या धुरावर. शेवटी शहापूरला दाखवलं. डॉक्टरांनी छातीची सोनोग्राफी करतात तसं काही केलं, त्याला टू-डी इको म्हणतात, आणि म्हणाले की हृदयाचं पंपिंग कमी झालंय. पाड्यावर हा शब्द आता सगळ्यांना येतो. अमक्याचं पंपिंग गेलं, तमकीचं पंपिंग धरलंय, जसं काही विहिरीवरच्या मोटरविषयी चाललंय. मला गोळ्या दिल्या. त्यातली सकाळची एक लघवीची, अंगात पाणी साठू नये म्हणून. मीठ कमी सांगितलं, म्हणजे सुकट गेली, खारवलेला आंबा गेला, आणि नाचणीच्या पेजेला काही अर्थच उरला नाही.

मुलीला कळलं तशी तिने बाटली पाठवली. कॅप्सुलांची. फोनवर चेहरा दाखवत मला समजावून सांगायला लागली की आई, पेशींमध्ये एक रेणू असतो, वय वाढलं की तो कमी होतो. मग तंतुकणिका सुस्तावतात आणि हृदयाला ऊर्जा पुरत नाही. हा घेतलास तर पेशी पुन्हा ताज्यातवान्या होतात. मी सगळं ऐकून घेतलं. तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाघर, हे तिला तिच्या नववीत मीच शिकवलेलं. आकृती चुकली म्हणून वर्गासमोर उभंही केलेलं. गुरूची विद्या गुरूलाच फळली म्हणायची. पण तिच्या कपाळावर आठी होती, नवऱ्याच्या कपाळावर असायची तशीच, म्हणून मी चेष्टा केली नाही.

तो धडा मला फार आवडायचा. पेशीत ऊर्जा साठवून ठेवायची कणगी नसते हे पोरांना पटायचं नाही. मी सांगायचे की एटीपी नावाचा रेणू आहे. तो ऊर्जा देतो आणि रिकामा होतो. तंतुकणिकेत जातो, पुन्हा भरून येतो, पुन्हा देतो. शरीरात असे रेणू एका वेळी फार नसतात, पण तेच तेच फिरत राहतात म्हणून आपण चालतो. तुमच्या पाड्यावरची सावड असते ना, तशी. बाजारपेठेतली पोरं विचारायची, बाई, सावड म्हणजे काय? आणि मागच्या बाकांवरची, डोळखांबकडून वसतिगृहात आलेली, एरवी तोंड न उघडणारी पोरं हात वर करायची. मग मी हृदयाचं सांगायचे. हातापायाचे स्नायू दमले की बसतात, हृदयाला बसायची सोय नाही, म्हणून त्याच्या पेशींत तंतुकणिका खच्चून भरलेल्या. त्याची सावड एक दिवससुद्धा मोडून चालत नाही. वर्षानुवर्षं हे वाक्य मी म्हटलं, आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की हे माझ्याविषयी आहे.

बाटली घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ती उलटीसुलटी करून वाचली. रेणू खरा आहे म्हणाले, वयाने कमी होतो तेही खरं. पण तो असा गिळला तर म्हाताऱ्या माणसाच्या हृदयाला त्याचा किती उपयोग होतो, हे अजून छातीठोकपणे कुणाला सांगता येत नाही. घ्यायच्या तर घ्या, माझ्या गोळ्या मात्र चुकवू नका. एवढं सरळ बोलणारा डॉक्टर मिळणं नशीब. पण माणूस आपल्या सोयीचं तेवढंच ऐकतो. मी 'रेणू खरा आहे' एवढं ऐकून रिक्षात बसले.

सोयीचं अशासाठी की आवणी जवळ आली होती. राबात पेरलेली रोपं हिरवीगार झाली होती आणि जाऊ एक दिवस ओट्यावर येऊन बसली. इकडचं तिकडचं बोलली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली की या वर्षी तू नाय आलीस तरी चालंल, तुझ्या खाचरांचं आमी बघू. ती माझ्या भल्याचंच बोलत होती. मुलगीही तेच वेगळ्या शब्दांत म्हणत होती. तिच्या बंगळूरच्या फ्लॅटमध्ये एक खोली माझ्यासाठी तयार आहे, तिने पडदेसुद्धा लावलेत. तुला तिथे जमत नसेल तर इकडे ये, असं ती दर फोनला म्हणायची. मला कळत होतं की 'जमत नाही' हे एकदा ठरलं की पुढचं आपोआप ठरेल. हात गेला की हाक जाणार, आणि हाक गेली की या घरात मला धरून ठेवणारं काय उरतं? मी जावेला म्हटलं, मी येणार.

आणि गेले. त्या पहिल्या सकाळी तिने "ए बाई, चल गो" म्हटलं, तेव्हा मी आधीपासूनच पदर खोचून दारामागे उभी होते. पण लगेच दार उघडलं नाही. लगेच उघडलं तर उतावीळ दिसले असते.

पहिले काही दिवस मी इतकी चांगली होते की मला कॅप्सुलांचा खराच भरवसा वाटायला लागला. चिखलात पाय रोवून, ओळीत वाकून, सगळ्या बायका एकदम मागे मागे सरकत जातात. हातातली रोपांची मूठ संपली की मागून कुणीतरी दुसरी टाकतं. कुणाच्या सुनेचं चालतं, कुणाच्या शेळीचं. मी फारसं बोलत नव्हते, नुसतं ऐकण्याचीच चैन होती. फोनवर मुलीला म्हटलं, तुझ्या रेणूने कमाल केली. ती किती खूश झाली. आता वाटतं, रेणूने केली असेल नसेल, त्या ओळीने नक्की केली होती.

अडचण एकच होती, लघवीची गोळी. ती घेतली की दर थोड्या वेळाने बांधापलीकडे जावं लागतं. आवणीच्या ओळीतून एक बाई उठली की तिथे खाच पडते, बाजूच्या दोघींना ती भरावी लागते आणि सगळ्यांची लय मोडते. बायका काही बोलल्या नाहीत. पण उभी हयात मी घरी परत येईपर्यंत पाणी न पिता काढलेली. गाडीने नोकरीला जाणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. तीच खोड उपयोगी पडली. गोळी संध्याकाळी घेऊ म्हणायचे, संध्याकाळी अंगाचं लाकूड झालेलं असायचं, आणि गोळी राहून जायची. कॅप्सूल मात्र न चुकता घ्यायचे. ती घेतली की मुलीला पाठ म्हणून दाखवल्यासारखं वाटायचं.

पाय सुजले. आवणीत पाय सगळ्यांचेच बिघडतात. दिवस दिवस चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, पावलं फुगतात, जोडवी रुततात. संध्याकाळी जावेच्या चुलीपुढे आम्ही पाय पसरून बसायचो आणि ती सगळ्यांना करंजाचं तेल लावायची. माझे पाय बघून म्हणाली, बाईला या वर्षी चिखलाने चांगलंच धरलंय. दुसरी म्हणाली, आता खरी शेतकरीण झाली. सगळ्या हसल्या, आणि मीही हसले. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. सगळ्यांच्या पायांत माझे पाय ओळखू येत नव्हते. ज्या बाईने हृदय आणि रक्ताभिसरण इतकी वर्षं शिकवलं, तिला स्वतःच्या घोट्यावरची सूज बघून चिखल दिसला, याला काय म्हणावं! जावेने माझे पाय मांडीवर घेऊन चोळले. इतक्या वर्षांत माझ्या अंगाला कुणी असा हात लावला नव्हता. डोळे मिटून मी ते करून घेतलं.

मग आडवं झालं की दम कोंडायला लागला. मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायला लागले आणि स्वतःला सांगितलं की गारठा आहे. माझ्या खाचरांची पाळी आली त्याच्या आदल्या दिवशी, चिखलातून बांधावर चढताना मला श्वासच मिळेना. बसले ती उठले नाही. बायकांनी मला झोळीत घालून सडकेपर्यंत आणलं आणि तिथून रिक्षाने शहापूरला. जाऊ माझ्याबरोबर होती, चिखलाने माखलेली, पायात चप्पल नाही.

डॉक्टरांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढून घेतला. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला. वाटीएवढा खोल, भरेचना. ते मला रागावले नाहीत. जावेकडे वळून म्हणाले, "हा चिखल नव्हे. हृदयाला पाणी उपसणं झालं नाही, ते खाली उतरलंय." जाऊ त्या खड्ड्याकडे बघत राहिली. तिने ज्या जागी तेल चोळलं होतं, नेमकी तीच जागा. तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला होता, पण माझं लक्ष माझ्याच श्वासावर होतं, त्यामुळे त्याचा अर्थ मला पुढे कळला.

मुलगी विमानाने आली. उशाशी बसून लॅपटॉपवर काम करत राहिली आणि मधूनच रडली. बाटली मीच पाठवली म्हणून झालं, असं म्हणायला लागली. मी तिला सांगितलं की बाटलीचा काही दोष नाही, बाटलीने दुसरी गोळी चुकव असं सांगितलं नव्हतं. सूज उतरली, मला घरी आणलं. तिने सगळ्या गोळ्या खणांच्या डबीत लावून दिल्या, वजनकाटा आणला, रोज सकाळी वजन करून फोटो पाठवायचा असं ठरवलं. बंगळूरचं पुन्हा काढलं. मी म्हटलं, पावसाळा संपू दे. तिने नवऱ्याच्याच आठीने माझ्याकडे पाहिलं आणि पावसाळा संपेपर्यंतच, असं बजावून ती गेली.

माझी खाचरं लावून झालेली होती. ओट्यावरून दिसतात ती. रोपांनी धरलं होतं. ते माझ्या हाताच्या फेडीतलंच होतं, त्यामुळे बघताना मला अवघडल्यासारखं झालं नाही. पण पाड्याच्या वरच्या अंगाची घरं अजून बाकी होती. त्या बायकांनी माझ्या खाचरांत हात दिला होता, आणि आता त्यांच्यात माझा हात जायला हवा होता. तो जाणार नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

मुलगी गेल्याच्या दुसऱ्या सकाळी मला पहाटेच जाग आली. जावेचा आवाज खालच्या घरांत ऐकू येत होता. एकेक दार करत ती वर येत होती. शेजारच्या दारात हाक झाली. मग प्लास्टिकच्या कागदाची सळसळ माझ्या ओट्यापाशी आली आणि ती थांबली नाही. उलट पावलं हलकी पडली. पाळण्यातल्या मुलाजवळून जावं तशी ती माझ्या दारावरून गेली, आणि पलीकडच्या दारात पुन्हा मोठ्याने हाक मारली.

त्या दिवशी मी चहा केला नाही, चूलही पेटवली नाही. नवरा गेला त्या दिवशी घर भरलेलं होतं. हे त्याहून वाईट होतं, कारण हे भल्यासाठी होतं आणि त्यावर रडायलाही जागा नव्हती. कुणी मला टाकलं नव्हतं. मला जपलं होतं. दुसऱ्या दिवशी तसंच, आणि तिसऱ्या दिवशीही. मुलीला वजनाचे फोटो जात होते. ती अंगठा दाखवत होती. सगळं छान चाललं होतं.

मग एका पहाटे मी दार उघडून उभी राहिले. जाऊ दचकली. म्हणाली, उठलीस कशाला, मी तर आवाज नाय केला. मी म्हटलं, तेच सांगायचंय. ती खाली बघायला लागली, माझ्या पायांकडे. सूज उतरलेली होती, तरी ती तिथेच बघत राहिली. मग हळूच बोलली.

"तुझ्या दारात हाक मारायचं भ्या वाटतं गो. मीच बोलवून नेली, मीच तेल लावलं. तू गेली असतीस तर?"

माझ्या तोंडात शिक्षिकेचं पुष्कळ काही आलं होतं. पाणी का साठतं, गोळी कोणी चुकवली, चूक कुणाची. त्यातलं काहीच बोलले नाही.

"अक्का, मी येनार नाय," मी म्हटलं. "डॉक्टरांनी नको सांगितलंय, मला जमनारपन नाय. पन हाक मारा. मी घरात आहे ना अजून."

तिने कागद डोक्यावर सारखा केला आणि पुढे गेली. मला वाटलं, हिला कळलं नाही. न येणाऱ्याला हाक कशी मारायची, आमच्याकडे तशी रीत नाही. हाक म्हणजे हात. बिनहाताची हाक मी माझ्यापुरती नवीन काढत होते, आणि तीही बापडीवर लादत होते. मुलीच्या खोलीतले पडदे कोणत्या रंगाचे आहेत, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा तिला विचारलं.

दुसऱ्या सकाळी मी उठले पण दारामागे गेले नाही. काटा काढला, वजन केलं, फोटो पाठवला. डबीतला त्या दिवसाचा खण उघडला. कॅप्सूल अजून घेते. उपयोग असेल तर असेल, पण ती मुलीच्या हातची आहे. त्या सकाळी दोन्ही हातात होत्या, कॅप्सूल आणि लघवीची गोळी. शेजारच्या दारात हाक झाली. सळसळ ओट्यापाशी आली आणि थांबली. पागोळ्यांचा आवाज तेवढा येत होता.

"ए बाई," जाऊ म्हणाली. नेहमीच्याच आवाजात, फक्त पुढचं 'चल गो' तिने म्हटलं नाही.

मी "ओ" दिली. आवाज घोगरा निघाला, पण तिच्यापर्यंत पोचला असावा, कारण त्यानंतरच तिची पावलं वरच्या घरांकडे गेली. मी तांब्या घेतला आणि आधी लघवीची गोळी घेतली.